हाडाला टायटॅनियम चालतं, कातडीला नाही

एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या धाकट्या भावाचा पाय मोटारसायकलच्या अपघातानंतर गुडघ्याच्या वर कापावा लागला. कृत्रिम पाय मिळाला आहे, पण सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते त्या पायाच्या वरच्या कपात, मांडी घामाने निथळते, जांघेपाशी सोलवटते. उन्हाळा लागला की तो पाय काढून ठेवतो आणि कुबड्यांवर फिरतो. ताईंच्या वाचनात आलं की स्वीडनमध्ये मांडीच्या हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवतात, पाय थेट त्यावर लावतात आणि तो मेंदूच्या हुकुमाने चालतो. त्यांचे प्रश्न दोन: यात खरं किती? आणि भावाने त्याची वाट पाहत थांबावं का?

ताई, आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझं बोलणं कुठवर धरायचं ते कळेल. मी मूळचा धातुशास्त्राचा माणूस. हाडात बसणाऱ्या वस्तू, म्हणजे प्लेटा, रॉड, स्क्रू, सांधे, या बनवण्याचं काम केलं, आणि रुग्णाच्या शरीरातून काढलेलं इम्प्लांट का निकामी झालं ते शोधण्याचंही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे भावाचं ऑपरेशन करावं की नाही हे सांगणार नाही. शास्त्र कुठे पक्कं आहे आणि कुठे अजून कच्चं, एवढं सांगू शकतो.

दांड्याचं पूर्ण खरं आहे, आणि ते नवीनही नाही. मेंदूचंही खरं आहे, पण बातमीत छापतात तसं नाही. आणि बातमीत जिचा उल्लेख सहसा नसतो ती म्हणजे कातडी. सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

हाडाची बाजू सगळ्यात जास्त समजलेली आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते जिवंतपणी पाहत होते. त्यासाठी हाडात धातूची एक बारीक नळकांडी बसवायची आणि तिच्यातल्या भिंगातून आतल्या मज्जेकडे सूक्ष्मदर्शकाने पाहायचं. काम झालं की नळकांडी काढून घ्यायची. टायटॅनियमची नळकांडी मात्र निघेचना. हाडाने तिला अशी धरली होती की हाड फोडल्याशिवाय ती सुटणार नव्हती. ब्रोनेमार्क यांचा विषय होता रक्ताभिसरण, पण आपल्या हाती लागलं ते भलतंच आणि जास्त मोलाचं आहे हे त्यांनी ओळखलं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. हे सगळ्यांनी मान्य करायला १९८२ उजाडलं. त्या साली टोरांटोला झालेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी ते मनावर घेतलं. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही डेंटल इम्प्लांटची पाटी दिसते, तिचं मूळ त्या सशापाशी आहे. पुढे त्यांचेच चिरंजीव रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी १९९० मध्ये हीच पद्धत मांडीच्या हाडात वापरली. म्हणजे तुम्ही जे वाचलंत त्याला तीन दशकं होऊन गेली.

टायटॅनियमच का? त्यात काही औषधी गुण असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ते काहीच करत नाही, आणि तोच त्याचा गुण. टायटॅनियम हवेत उघडं पडलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, अवघा काही नॅनोमीटर जाडीचा. तो इतका घट्ट असतो की शरीरातल्या खाऱ्या पाण्याची त्यापुढे मात्रा चालत नाही. ओरखडा पडला तरी तो आपोआप परत तयार होतो. पेशींचा संबंध येतो तो या ऑक्साइडशी, धातूशी नाहीच. स्टीलच्या प्लेटभोवती शरीर बहुधा एक पातळ तंतुमय वेष्टण तयार करतं. टायटॅनियमला मात्र हाड थेट येऊन भिडतं. नीट बसलेला स्क्रू कुठल्या तरी वेगळ्या कारणाने काढावा लागला आणि आमच्या टेबलावर आला, की आट्यांच्या खाचांत हाडाचे पांढुरके कण घट्ट रुतलेले दिसतात. धातू आणि हाड एकमेकांपासून सुटलेले नसतात. जोर लागला तेव्हा बाजूचं हाडच तुटलेलं असतं.

पण यासाठी एक कडक अट आहे. सुरुवातीचे आठवडे धातू हाडात हलता कामा नये. ५० मायक्रॉनच्या आत हलला तर हाड जमतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १५० मायक्रॉनच्या वर गेला तर हाडाऐवजी चामट तंतू भरतात आणि दांडा कायमचा डुगडुगतो. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्यावरून अंदाज करा की ऑपरेशन करणाऱ्याच्या हातात किती थोडी जागा असते. म्हणून गोथेनबर्गच्या मूळ पद्धतीत दोन ऑपरेशनं असतात. पहिल्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत आट्यांचा भाग बसवतात, जखम पूर्ण बंद करतात आणि सुमारे सहा महिने त्यावर काहीच भार टाकत नाहीत. दुसऱ्यात कातडीला भोक पाडून बाहेर येणारा तुकडा जोडतात. मग घरच्या वजनकाट्यावर तो टेकवून हळूहळू भार वाढवायचा. पूर्ण पाय लावून मोकळं चालेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. खडबडीत पृष्ठभागाचे, हाडात ठोकून घट्ट बसवायचे दांडेही आता आहेत. त्यांत हा काळ कमी होतो, पण हलू न देण्याची अट तीच.

दुसरा मुद्दा ताठरपणाचा. तो नीट समजला तर पुढचं मेंदूचंही कळेल, म्हणून जरा थांबून सांगतो. एखादी वस्तू ओढली तर ताणाला किती दाद देत नाही हे मोजायचं एक माप असतं, गिगापास्कलमध्ये; आकडा जितका मोठा तितकी वस्तू ताठर. हाडाचं कठीण कवच १५ ते २० च्या आसपास. टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, तो ११० च्या आसपास. स्टील २०० च्या जवळ. आता दोन असमान ताठर वस्तू एकमेकींना चिकटवून भार दिला तर जास्त ताठर असते तीच बहुतेक भार उचलते. दांडा भार उचलतो, हाड बसून राहतं. आणि हाडाला बसून राहणं मानवत नाही.

हाडाच्या आत, त्या कठीण चुनखडी भागात बारीक कप्प्यांमध्ये पेशी कोंडलेल्या असतात. प्रौढ माणसाच्या हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच. त्यांचे लांब लांब धागे एकमेकींना जोडलेले असतात आणि त्या जाळ्यातून द्रव वाहतो. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित वाकतं, द्रव ढकलला जातो, आणि पेशींना कळतं की इथे भार आहे. भार येईनासा झाला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, नवं हाड बनायचं थांबतं आणि जुनं खाल्लं जातं. अंतराळवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडाची घनता अवकाशात महिन्याला १ ते दीड टक्क्याने उतरते ती अशीच. तुमच्या भावाच्या मांडीच्या हाडाचंही थोड्याफार प्रमाणात हेच होत असणार, कारण सॉकेटमध्ये भार हाडाच्या टोकावर येत नाही. तो मांस, कातडी आणि बसायच्या हाडामार्गे कमरेकडे जातो. हाडात दांडा बसवला की भार परत हाडातून जाऊ लागतो हा मोठा फायदा. पण दांड्याच्या शेजारीच, स्टंपच्या (कापून उरलेल्या भागाच्या) टोकाला, एक्स-रेमध्ये हाड थोडं झिजलेलंही दिसतं, कारण तिथे दांडा सगळं काम करून टाकतो. म्हणून मऊ पडणारे टायटॅनियमचे मिश्रधातू आणि थ्रीडी प्रिंटिंगने जाळीदार केलेले पृष्ठभाग यांवर इतकं काम चाललंय. जाळीची भोकं काहीशे मायक्रॉनची ठेवली तर हाड त्यांत शिरतं आणि ताठरपणाही उतरतो.

धातू थकतो का, हेही लोक विचारतात. थकतो. चालता माणूस एका पायाने वर्षाला दहा लाखांच्या घरात पावलं टाकतो असं धरून आम्ही चाचण्या लावतो. बाहेरचा तुकडा वाकून किंवा मोडून आला तर पहिलं काम म्हणजे तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरणं. त्यावर अर्धगोल रेषा एकामागे एक दिसतात, भरती ओसरताना वाळूवर उमटाव्यात तशा, आणि त्या सगळ्या एका बिंदूकडे बोट दाखवतात. तो बिंदू पुष्कळदा आट्याच्या तळाशी असतो, किंवा बसवताना पान्याचा ओरखडा पडला तिथे. टायटॅनियम ओरखड्याच्या बाबतीत फार हळवं. पण बाहेरचा तुकडा मोडणं ही आपत्ती नाही. तो मुद्दाम बदलता येईल असा केलेला असतो, म्हणजे माणूस पडला तर तो वाकावा आणि आतलं हाड वाचावं. भीती आतला भाग सैल होण्याची असते.

आता कातडी. शरीराच्या आत सुरू होऊन कातडी किंवा हिरडी भेदून कायम बाहेर राहणाऱ्या कठीण वस्तू निसर्गात फार थोड्या. दात ही एक, हरणवर्गातल्या प्राण्यांची शिंगं ही दुसरी. दाताभोवती हिरडी पेशींच्या पातळीवर चिकटलेली असते, आणि तरी तिथे काय काय होतं ते आपण सगळे भोगतोच. शिंगाचं बूड मात्र पाहण्यासारखं असतं. तिथलं हाड सच्छिद्र असतं, कातडीचा आतला थर त्या छिद्रांमध्ये शिरलेला असतो, त्यामुळे कातडी हाडावर सरकत नाही आणि फट पडत नाही. लंडनजवळच्या स्टॅनमोरला गॉर्डन ब्लन यांच्या गटाने हे पाहूनच कातडीच्या पातळीवर सच्छिद्र कड असलेला दांडा तयार केला. २००९ मध्ये मागचे दोन्ही पंजे शेतातल्या कापणीयंत्रात गमावलेल्या ऑस्कर नावाच्या मांजराला असे दांडे बसवले आणि ते चालू लागलं. माणसांपेक्षा त्या मांजरालाच जास्त प्रसिद्धी मिळाली.

माणसाची मांडी हे अवघड ठिकाण. दांडा स्थिर, आणि त्याभोवतीची कातडी प्रत्येक पावलाला सरकणारी. दर सरकण्याला भोकाची कड थोडी फाटते आणि जंतूंना वाट मिळते. यावर सर्जन भोकाभोवतीची चरबी काढून कातडी पातळ करतात आणि हाडाच्या टोकाला थेट चिकटवतात, म्हणजे ती हलू नये. तरीही भोक कधीच पूर्ण बुजत नाही. ओल येत राहते. रोज साबण-पाण्याने ते स्वच्छ करायचं, आयुष्यभर.

आकडे सांगतो, कारण जाहिरातीत ते नसतात. गोथेनबर्गच्या पद्धतीचा एक काळजीपूर्वक केलेला अभ्यास ५१ रुग्णांचा आहे, १९९९ ते २००७ या काळात ऑपरेशन झालेल्यांचा. दोन वर्षांनी ९२ टक्के दांडे जागेवर होते. याच रुग्णांपैकी २८ जणांना या दोन वर्षांत भोकापाशी वरवरचा जंतुसंसर्ग झाला, काहींना एकापेक्षा जास्त वेळा. बहुतेकांचा तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकवर बरा झाला. खोल संसर्ग चौघांना. पुढे ९६ रुग्णांचा दीर्घकाळचा हिशेब मांडला गेला, त्यात दहा वर्षांत हाडापर्यंत संसर्ग जाण्याची शक्यता २० टक्के आणि त्यापायी दांडा काढावा लागण्याची ९ टक्के निघाली. अमेरिकेच्या एफडीएने या पद्धतीला २०१५ मध्ये मर्यादित आणि डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली. माझं मत विचाराल तर हे आकडे चांगले आहेत, पण ज्याला सॉकेट खरोखरच सोसत नाही त्याच्यासाठी चांगले. ज्याचं सॉकेट नीट बसू शकतं त्याने दहातल्या दोघांची हाडाची जोखीम का पत्करावी, याचं उत्तर मला देता येत नाही.

मधुमेहाने पायाची वाट लागलेली माणसं, रक्तवाहिन्या बंद पडलेली माणसं, सिगारेट न सोडणारे, फार वजनदार रुग्ण यांना बहुतेक केंद्रं दारातूनच परत पाठवतात. आपल्याकडे पाय कापावे लागणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ असतात, तेव्हा ही पद्धत त्यातल्या मोठ्या वर्गासाठी नाहीच. तुमचा भाऊ तरुण आणि अपघाताचा रुग्ण आहे, म्हणजे निदान त्या चाळणीतून तो खाली पडत नाही. मात्र धावणं, उड्या मारणं, जड ओझी वाहणं यावर डॉक्टर बंधनं घालतात, आणि चिखलात, विहिरीत, तळ्यात उतरणं अवघड. भात लावणीला उभं राहणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं. ऑपरेशननंतर कळून काय उपयोग?

ज्यांचं जमतं ते काय म्हणतात? बसताना जांघेत रुतणारी कड गेली, कमरेची हालचाल मोकळी झाली, पाय एका मिनिटात लागतो आणि निघतो. आणि एक विलक्षण गोष्ट: पायाखाली फरशी आहे, खडी आहे की गालिचा, हे त्यांना न पाहता कळतं. कृत्रिम पायात एकही सेन्सर नसताना! जमिनीचा कंप धातूतून थेट हाडात जातो, तिथून सांध्यांमधल्या आणि हाडाच्या आवरणातल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतो. सॉकेटमध्ये हाच कंप मांस आणि लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर, गिळून टाकतात. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यातून आवाज ऐकवायची यंत्रं १९७७ पासून गोथेनबर्गमध्येच सुरू झाली, तीही याच तत्त्वावर.

इथून आपण मेंदूकडे येतो. "मेंदूने चालणारा पाय" म्हटलं की लोकांना कवटी उघडून तारा घातल्याचं चित्र दिसतं. पाय कापलेल्या माणसाला त्याची गरजच नसते. त्याचा मेंदू शाबूत, पाठीचा कणा शाबूत, मांडीपर्यंत येणारे मज्जातंतू शाबूत. मेंदू अजूनही "घोटा वाकव" असा हुकूम धाडतो आणि तो स्टंपपर्यंत येऊन थांबतो. तो तिथेच पकडायचा. स्नायू आकसताना जी सूक्ष्म वीज निर्माण होते ती कातडीवर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारे धातूचे छोटे तुकडे, चिकटवून पकडता येते, पण घाम आला, सॉकेट जरा सरकलं, की सगळं बिघडतं. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाचे मॅक्स ऑर्टिझ कातालान आणि रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी त्यावर सरळ उपाय काढला. तसाही टायटॅनियमचा दांडा कातडी भेदून आत गेलेला आहे, तर तारा त्याच्याच पोटातून न्याव्यात आणि इलेक्ट्रोड आत स्नायूवर आणि मज्जातंतूभोवती बसवावेत. २०१३ मध्ये पहिल्यांदा हे एका दंड कापलेल्या रुग्णावर केलं. २०२० मध्ये त्यांनी चार रुग्णांचा वृत्तांत दिला, जे ३ ते ७ वर्षं असे हात रोजच्या कामात, घरी, कुणाच्या मदतीशिवाय वापरत होते. मज्जातंतूला उलट दिशेने वीज देऊन त्यांना स्पर्शही जाणवत होता.

याच कामातून मेंदूबद्दल एक गोष्ट कळली, ती मला या सगळ्या विषयात सर्वांत रोचक वाटते. मज्जातंतूला वीज दिली की रुग्णाला "हाताच्या अमुक जागी शिवलं" असं वाटतं, पण ती जागा इलेक्ट्रोड कुठे बसला त्यावर ठरते. कृत्रिम हाताचा सेन्सर अंगठ्यात, आणि संवेदना मात्र हाताच्या दुसऱ्याच भागात. सगळ्यांचा अंदाज असा की मेंदू लवचिक असतो, डोळ्यांनी अंगठा टेकलेला दिसतोय, तेव्हा हळूहळू तो संवेदना अंगठ्याकडे सरकवून घेईल. तीन रुग्णांनी दिवसाला बारा-बारा तास, वर्षाहून जास्त काळ तो हात वापरला. संवेदना जागची हलली नाही.

हे धक्कादायक होतं, कारण दीर्घकाळ उलटं शिकवलं जात होतं. १९९१ मध्ये माकडांवरच्या प्रसिद्ध प्रयोगात दिसलं की हाताकडून येणारे संदेश तुटल्यावर मेंदूतला हाताचा भाग चेहऱ्याच्या संदेशांना प्रतिसाद देऊ लागतो. त्यावरून "मोकळी जागा शेजारी बळकावतो" ही कल्पना रूढ झाली आणि नसलेल्या अवयवाच्या वेदनेचं कारणही तिच्यातच शोधलं गेलं. मेंदुतज्ज्ञ रामचंद्रन यांचा आरशाचा खोका, ज्यात शाबूत हाताचं प्रतिबिंब दाखवून नसलेल्या हाताची वेदना शमवतात, तो या काळातला. मेंदुसंशोधक टामार मेकिन आणि सहकाऱ्यांनी त्यावर शंका घेतली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या गटाने तीन माणसांच्या मेंदूची चित्रं हात कापण्याच्या आधी आणि नंतर काढून दाखवलं की हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. माणसं तीनच आहेत हे खरं, पण आधी आणि नंतर अशी तुलना यापूर्वी कुणाच्या हाती नव्हती. तुमच्या भावाला अजून पायाची बोटं असल्यासारखी वाटत असतील, ती हलवल्यासारखी वाटत असतील, तर त्याला वेड लागलेलं नाही. त्याच्या मेंदूत तो पाय आहे, आणि पुढे कुठलंही तंत्र आलं तरी ते यावरच उभं राहणार.

पायाच्या बाबतीत मोठं पाऊल शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. आपले स्नायू जोडीने काम करतात: एक आकसतो तेव्हा समोरचा ताणला जातो, आणि त्या ताणावरून मेंदूला कळतं की सांधा कुठे आहे. नेहमीच्या पद्धतीने पाय कापताना ही जोडी तुटते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे ह्यू हर, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहेत, आणि बॉस्टनचे सर्जन यांनी स्टंपमध्ये ही स्नायूंची टोकं पुन्हा एकमेकांना जोडायची पद्धत काढली. २०२४ मध्ये त्यांनी गुडघ्याखाली पाय कापलेल्या १४ जणांचा निकाल दिला, सात या पद्धतीचे आणि सात नेहमीच्या. नव्या पद्धतीच्या सात जणांचा चालण्याचा कमाल वेग ४१ टक्क्यांनी जास्त होता. स्नायूंकडून परत येणारी माहिती निरोगी पायाच्या १८ टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढीही मेंदूला पुरली. २०२५ मध्ये त्याच गटाने गुडघ्याच्या वर कापलेल्या पायात हाडातला टायटॅनियमचा दांडा, जोडलेले स्नायू आणि दांड्यातून आलेल्या तारा हे सगळं एकत्र केलं. तुमच्या वाचनात आलेली मेंदूच्या हुकुमाची गोष्ट बहुधा याचीच, जरी हे काम अमेरिकेतलं असलं तरी. ती प्रयोगाच्या पातळीवरची आहे, मूठभर रुग्णांची.

प्रत्यक्ष मेंदूत इलेक्ट्रोड घालणं हे मानेतून कणा तुटलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा हुकूम खाली पोचतच नाही त्यांच्यासाठी. तिथे मघाचा ताठरपणाचा हिशेब आठवा. हाड आणि टायटॅनियम यांच्यात फरक सहा-सात पटींचा, आणि एवढ्यानेही हाड झिजतं. मेंदूतले नेहमीचे इलेक्ट्रोड सिलिकॉनचे, म्हणजे संगणकाच्या चिपमधल्या कठीण पदार्थाचे असतात, चार मिलिमीटर चौकोनात शंभर सुया, प्रत्येक साधारण एक ते दीड मिलिमीटर लांब. सिलिकॉन हाडापेक्षाही कितीतरी ताठर आणि मेंदू खरवसाहून मऊ. दोघांच्या ताठरपणात फरक कोटींच्या पटीत. श्वासागणिक, ठोक्यागणिक मेंदू किंचित हलतो, सुई हलत नाही. आजूबाजूच्या पेशी तिच्याभोवती व्रणाचं वेष्टण चढवतात आणि काळ जाईल तसा सिग्नल पुसट होतो. मऊ पॉलिमरच्या तारांवर जगभर काम चाललंय ते यासाठी. पण हा तुमच्या भावाचा प्रश्न नाही, म्हणून पुढे जातो.

एक गोष्ट मात्र त्याच्याशी संबंधित असू शकते. हाड आणि मेंदू यांचं नातं तारांपुरतं नाही. हाडाच्या आत मज्जातंतू असतात. जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने २००० मध्ये उंदरांत दाखवलं की लेप्टिन नावाचं संप्रेरक मेंदूमार्फत हाडाची वाढ आवरतं. त्याचा माणसांसाठी औषध म्हणून फारसा उपयोग अजून झालेला नाही. पण हाडांच्या डॉक्टरांना जुना अनुभव आहे की डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचं मोडलेलं हाड नको इतकं जोमाने जुळतं, आणि कधी कधी स्नायूमध्ये, जिथे हाड असायला नको तिथे, हाड तयार होतं. युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांच्या स्टंपमध्ये असं हाड निम्म्याहून अधिक जणांत आढळलं आहे. मोटारसायकलच्या अपघातात डोक्यालाही मार लागला असेल तर हे लक्षात ठेवा. सॉकेट एकाच जागी सारखं टोचत असेल तर तिथे असं हाड नाही ना, हे साध्या एक्स-रेत दिसतं.

धातूपायी आपलं अडत नाही. टायटॅनियमचं खनिज आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे आणि केरळच्या किनाऱ्यावरही. केरळात चवऱ्याला टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे कच्च्या टायटॅनियम धातूचा कारखाना आहे आणि हैदराबादला मिधानी या सरकारी कंपनीत मिश्रधातू तयार होतात. अडतं ते पुढच्या दहा-वीस वर्षांच्या देखरेखीवर. दांडा बसवायला एखादं मोठं रुग्णालय पुरतं, पण पावसाळ्यात एखाद्या रात्री भोक लाल होऊन पू आला तर त्या गावात कोण पाहणार? ज्या केंद्राकडे याचं उत्तर नाही त्यांच्याकडे मी माझ्या नात्यातला माणूस पाठवणार नाही.

तेव्हा थांबू नका. थांबण्याचा तोटा शरीरालाच होतो: पाय काढून बसून राहिलं की कमरेचा सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो, हाड विरळ होतं, कमरेचे स्नायू जातात, आणि उद्या दांडा बसवायची वेळ आली तर बसवायला चांगलं हाडच उरत नाही. भावाला पोटावर झोपायची सवय लावा, कमरेचे व्यायाम बंद पडू देऊ नका, तंबाखू-सिगारेट असेल तर सोडायला लावा. आणि सॉकेट नव्याने करून घ्या. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत स्टंपची सूज आणि मांस उतरतं. त्या वेळी घेतलेलं माप आज बसणारच नाही. पुण्यातलं सैन्यदलाचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हे काम करतंय, मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था आहे; कुठेही गेलात तरी एका मापात समाधान मानू नका, सिलिकॉन रबराचा लायनर आणि जांघेत न रुतणारी सॉकेटची रचना याबद्दल विचारा.

जाण्याआधी घरी एक करा. सॉकेट काढल्यावर स्टंपवर दुखतं त्या जागी बोटाने हलकी टिचकी मारून पाहा. नुसती कातडी चुरचुरली तर प्रश्न मापाचा आणि घामाचा. टिचकीसरशी नसलेल्या पावलात किंवा बोटांत वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ झाली असण्याची शक्यता आहे, आणि ती कुठल्याही सॉकेटने बरी होत नाही. तिच्यावर वेगळी शस्त्रक्रिया आहे: मोकळं टोक जवळच्या स्नायूच्या छोट्या मज्जातंतूला जोडून देतात. शिकागोच्या कायकन आणि डुमॅनियन यांनी ती २००२ मध्ये कृत्रिम हात चालवण्यासाठी सुरू केली, आणि वेदनाही कमी होतात हे नंतर कळलं. ती जागा पेनाने खूण करून ठेवा आणि नवं माप घ्यायच्या आधी प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याला) आणि सर्जनला, दोघांनाही दाखवा.